मापातली पिल्लं

"लाभ, दोन, तीन, चार... ओ, आलो."

एवढं म्हणून तो माणूस मोजायचा थांबायचा आणि मान वळवून मागं बघायचा. बहुतेक वेळा मागं कोणी नसायचंच. कुणीतरी दुसऱ्याच कुणाला हाक मारलेली असायची, नाहीतर लिंबावर कावळा ओरडलेला असायचा. मग तो पोत्याकडं बघायचा, हातातल्या अधोलीकडं बघायचा, आणि सगळं धान्य ओतून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

तुमच्यापैकी जुन्या मंडळींना आडतीवरचे मापाडी आठवत असतील. अर्ध्या पायलीची ती अधोली, शिगोशीग भरायची आणि पोत्यात पालथी करायची. 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. आणि एकदा लाभ म्हटलं की पोतं भरेपर्यंत आकड्यावाचून दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही, हा त्या धंद्याचा नेम. मापाडी मोजत असताना त्याच्याशी कुणी बोलत नसे, आणि बोललंच तर तो नुसती मान हलवी. असं असताना हा मनुष्य मात्र ज्याच्या त्याच्या हाकेला ओ द्यायचा. पिंगळीच्या स्टेशनाजवळ तेव्हा दोन-तीन आडती होत्या. तिथले हमाल मुद्दाम पोत्यांच्या थप्पीआडून हाका मारायचे आणि पोट धरधरून हसायचे. शेवटी आडत्यानं कंटाळून त्याचं मापाचं काम काढून घेतलं आणि सांडलेलं धान्य झाडून गोळा करायचं काम दिलं. अधोली त्याची स्वतःची होती, बापाच्या हातची. ती तो कमरेशी धरून हिंडायचा.

मीही हसले आहे त्याला. पुढचं सांगायचं तर हे आधी कबूल करायला हवं.

निजामी संपून सहा-सात वर्षं झाली असतील. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते, आणि आमच्या ह्यांची बदली नुकतीच पिंगळी स्टेशनावर झाली होती. सासरे रेल्वेतच होते. ते गेल्यावर ह्यांना नोकरी लागली. स्टेशनामागं दोन खोल्या, पुढं ओसरी, वर पत्रे, असं आमचं बिऱ्हाड. घरात माणसं चार: हे, मी, सासूबाई आणि धाकटी नणंद इंदू. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. बाई तोंडानं तिखट, पण इंदू समोर आली की आवाज मऊ व्हायचा. दहा-अकरा वर्षांची धडधाकट पोरगी, तिला आडावर पाण्यालाही एकटी सोडायच्या नाहीत. शाळेत पोचवायला जायच्या आणि शाळा सुटायच्या आधी तासभर जाऊन फाटकाशी बसायच्या. मी मनात म्हणायची, चला, शेंडेफळ आहे, उतारवयात झालेलं, लाड होणारच. आपल्याला कुणी असं जपलं नाही म्हणून थोडी जळायचीही.

त्या घरात उंदीर फार होते. ज्वारीची पोती त्यांनी चाळण करून ठेवली. ह्यांच्या टोपीची कड खाल्ली, तेव्हा मी हसले. माझ्या लग्नातल्या शालूचा पदर कुरतडला, तेव्हा मात्र मी डोळ्यांत पाणी आणून म्हटलं की आता या घरात एकतर मी राहीन नाहीतर हे मेले राहतील.

शेजारी एका पोर्टरचं कुटुंब होतं. त्याच्या बायकोला सगळे काकू म्हणायचे. काकू म्हणाल्या, आडतीवरच्या मापाड्याला सांग, तो पिल्लं आणून देतो. आडतीत मांजरं व्यालेलीच असतात. पण त्याचं एक खूळ आहे. घरात लेकरं आहेत का ते आधी विचारतो. नुसत्या म्हाताऱ्या-म्हातारीच्या घरात पिल्लू देत नाही. आणि दारात देऊन जात नाही, स्वतः आत येऊन चुलीपाशी सोडतो. पाटी डोक्यावर घेऊन पार सोनपेठच्या बाजाराला जातो, चारठाण्यापर्यंत जाऊन येतो. कुणी काही म्हणत नाही, म्हातारा गरीब आहे.

म्हातारा म्हणाल्या खऱ्या, पण त्याचं वय पन्नाशीच्या आतच असावं. केस सगळे पांढरे, म्हणून सगळे त्याला बाबा म्हणायचे.

आत्याबाईंनी त्याला दारातूनच एकदोनदा वाटेला लावलं होतं. आम्हाला मांजर सोसत नाही, म्हणाल्या होत्या. मग भावाचं दुखणं निघालं म्हणून त्या आठ दिवस त्याच्याकडं गेल्या, जाताना काकूंना इंदूवर लक्ष ठेवायला दहादा बजावून गेल्या, आणि मी दुसऱ्याच दिवशी आडतीवर निरोप धाडला. शालूचा राग अजून डोक्यात होता.

तो आला तो दुपारी. अधोलीत मूठभर ज्वारी, ज्वारीवर फडकं, आणि फडक्यावर तीन पिल्लं. एक काळं, दोन कबरी. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं विचारलं, "माय, घरात लेकरं किती?"

मी लाजले. लग्नाला चार महिने झालेत, कुठली लेकरं, म्हटलं. एक नणंद आहे, दहा-अकरा वर्षांची.

"मंग हाय की लेकरू," म्हणाला आणि आत आला.

मी त्याला म्हटलं, बाबा, मी या घरात आले ती माप लवंडून, आणि ही मेली मापात बसून आली, यांचा थाट माझ्यापेक्षा मोठा. तो हसला. हसला की बरा दिसायचा. मग त्यानं मला एकेक गोष्ट करायला लावली. घरच्या बाईनं एकेका पिल्लाला हातात घेऊन चुलीभोवती तीनदा फिरवायचं. जात्याला त्याचा पाय लावायचा. पंजांना तुपाचं बोट पुसायचं, म्हणजे ते चाटत बसतं आणि तोवर घराचा वास त्याच्या अंगी लागतो. आणि शेवटी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगायचं, हे तुझं घर.

मला हसू येत होतं. तो गंभीर होता. म्हणाला, "सांगा माय. सांगितल्याबिगर त्येला कसं कळंल?"

मी सांगितलं. तिन्ही पिल्लांना सांगितलं. एका पिल्लानं माझ्या कानाला पंजा मारला.

मग तो दोन्ही खोल्यांतून फिरला. कुठल्या दाराला कुलूप घालता, विचारलं. मागच्या खोलीला, म्हटलं. तर म्हणाला, कुलूप घालायच्या आधी आत बघत जा. नुसतं बघू नका, आवाज देत जा, आणि आवाज दिल्यावर जरा थांबत जा. एवढं बोलताना त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी म्हटलं, पिल्लांची एवढी काळजी!

तेवढ्यात इंदू परसातून वाळलेले कपडे घेऊन आली. पिल्लं बघितल्याबरोबर कपडे तिथंच टाकले, मटकन खाली बसली आणि तिघांनाही परकराच्या ओच्यात घेतलं. तो पिल्लं तिच्या ओच्यात नीट बसली का ते बघायला वाकला आणि सवयीनं मोजायला लागला. लाभ, दोन, म्हणाला आणि थांबला. कुणी हाक मारली नव्हती.

तो तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं तिचं नाव विचारलं. ती म्हणाली, इंदू. तो म्हणाला, "इंदू. बरं, इंदू." आधी कुठं होता तुम्ही, विचारलं. तिनं सांगितलं, पूर्णेला. तो चौकटीला धरून उठला. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो न घेता निघून गेला. मी म्हटलं, काय माणूस आहे, घोटभर पाणीही नको. नंतर बघते तर अधोली चुलीपाशीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना हे सगळं नक्कल करून सांगितलं. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुला त्याची हकीगत ठाऊक नाही वाटतं. आणि त्यांनी सांगितली.

त्याचं गाव सोनपेठकडं, गोदावरीकाठचं. निजामीच्या शेवटच्या साली सगळीकडं पळापळ झाली तेव्हा त्यांचंही गाव उठलं. भर दुपारी खबर आली की हत्यारबंद टोळी येतेय, तासाभरात निघा. त्याची बायको शेजारच्या बायकांबरोबर पुढच्या गाडीत बसली. तो मागं राहून बळदातून काढलेली ज्वारी ओसरीवर पोत्यात भरत होता. बळद म्हणजे घरातली धान्याची अंधारी खोली. वाटेत खायला किती, गाडी किती ओढेल, म्हणून मोजून भरत होता. बोलूनचालून मापाडी. त्याची तीन-चार वर्षांची एकुलती एक पोरगी जवळ आली आणि धोतर ओढून काहीतरी म्हणाली. मांजरीची पिल्लं बळदात आहेत, आणू का, असं काहीतरी. तो मोजत होता. त्यानं ओ दिली नाही. नुसती मान हलवली. पोरीला वाटलं, बाप हो म्हणाला.

मोजून झालं. पोतं गाडीत टाकलं, बळदाचं दार ओढून कुलूप घातलं आणि गाडी हाकली. त्याला वाटलं पोरगी आईजवळ. आईला वाटलं बापाजवळ. दोघांची गाठ पडली ती दिवस मावळताना, नदीच्या उतारावर. तो तसाच पायी मागं फिरला. टोळीपासून लपतछपत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचला, तर बळदाचं कुलूप तोडलेलं. आत ना धान्य, ना पोर, ना पिल्लं. मांजरी भिंतीवर बसून ओरडत होती. बायकोनं त्याच सालात हाय खाऊन जीव सोडला.

तेव्हापासून त्याला हाकेला ओ दिल्याशिवाय राहवत नाही, काकू म्हणाल्या. आणि पिल्लं वाटत हिंडतो ते उगाच नाही. परक्या पुरुषाला घरात चुलीपर्यंत कोण जाऊ देतं? पिल्लू घेऊन आला की जाऊ देतात. घरातल्या पोरी बघून येतो. कुणीतरी कुलूप तोडलं म्हणजे कुणीतरी नेलं असंल, कुठल्यातरी घरात असंलच, म्हणतो.

मी पदरानं डोळे पुसले. आपण हसलो याची लाज वाटली. पण तुम्हाला खरं सांगते, माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. इंदू आत्याबाईंची लेक होती. मी तिची वहिनी होते. यापलीकडं विचार करायचं मला कारणच नव्हतं.

आत्याबाई परत आल्या. फडताळावरची अधोली बघितली, इंदूच्या मांडीवरची पिल्लं बघितली, आणि हे कुणी आणलं विचारलं. मी आपली बडबडी. गाठोडं सोडत होत्या तोवर मी त्यांना मापाड्याची सगळी कर्मकथा ऐकवली, अगदी मांजरी भिंतीवर ओरडत होती तिथपर्यंत. माझं बोलणं संपायच्या आतच त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. इंदूला त्यांनी काकूंकडं ताक आणायला पाठवलं. दार लावून घेतलं आणि सांगायला लागल्या.

पळापळीच्या त्या साली सासरे पूर्णेच्या स्टेशनावर होते. फलाटावर माणूस मावत नव्हता. आत्याबाई लोकांना पाणी देत हिंडत होत्या. तेव्हा एका धनगरानं घोंगडीतून एक लेकरू त्यांच्या पुढ्यात ठेवलं. रिकाम्या गावातून मेंढरं घेऊन चाललो होतो, म्हणाला, एका बंद घरातून रडणं ऐकू आलं. कुलूप तोडलं तर आत ही, ओच्यात मांजराची पिल्लं घेऊन बसलेली. एक दिवस आणि एक रात्र आत होती वाटतं, आवाज बसलाय. तुम्ही घटकाभर सांभाळा, मेंढरं मागं आहेत, मी आलोच. तो गेला तो गेला.

"दीड दिवस वाट बघितली मी," आत्याबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा म्हटलं, देवा, हिचं कुणीतरी येऊ दे. मग तिनं माझ्या गळ्याला मिठी मारली, आणि मी म्हटलं, देवा, आता कुणी येऊ नको देऊस."

त्यांची स्वतःची मुलगी त्याच्या दोन वर्षं आधी तापानं गेली होती. ही पोरगी कितीतरी महिने एक शब्द बोलली नाही, म्हणून तिचंच नाव त्यांनी हिला ठेवलं. इंदूला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी विचारलं, ह्यांना ठाऊक आहे? तर म्हणाल्या, त्याला सगळं ठाऊक आहे. मला असा राग आला म्हणून सांगू! चार महिने मी या घरात राबतेय, आणि मी मेली एकटीच येडी. पण राग करायची ती वेळ नव्हती. आत्याबाईंनी माझा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घातली, त्या जिवंत आहेत तोवर मी कुणाजवळ बोलायचं नाही. मी शपथ घेतली.

तिसऱ्या दिवशी तो आला. ओसरीच्या कडेला बसला आणि म्हणाला, "पिल्लं बघायला आलो, माय."

त्यानंतर तो दर दोन-चार दिवसांनी यायला लागला. अधोली मात्र मागायचा नाही. मी द्यायला गेले की म्हणायचा, राहू द्या, पुढल्या खेपेला नेतो. पिल्लांचे बोके झाले, अंगणात कुत्र्यांना पळवून लावायला लागले, तरी हा आपला पिल्लं बघायला येतच होता. इंदू त्याला पाणी आणून द्यायची आणि शेजारी बसून काळ्याचे प्रताप सांगायची. काळ्यानं काकूंचं दूध सांडलं, काळ्या मालगाडीत जाऊन झोपला आणि हमालानं आणून दिला. तो मान खाली घालून ऐकायचा. मध्येच विचारायचा, "मंग?" त्याच्याएवढं मन लावून तिचं कुणीच ऐकत नव्हतं. सगळ्यांसारखंच तीही त्याला बाबा म्हणायची. ती बाबा म्हणाली की आतल्या खोलीत आत्याबाईंच्या हातातलं सूप थांबायचं.

तो असेपर्यंत आत्याबाई दाराआड तांदूळ निवडत बसायच्या. तेच तांदूळ तीनतीनदा निवडायच्या. अन्न जाईना, खंगत चालल्या. एकदा त्यांनी ह्यांना सांगून तिन्ही मांजरं मालगाडीच्या डब्यात घालून दूर धाडायचं ठरवलं. इंदू दोन दिवस जेवली नाही, आणि तो बेत राहिला.

मी सगळं बघत होते. पिल्लांची पाटी घेऊन तो आता कुठंच जात नव्हता. सोनपेठचा बाजार सुटला, चारठाणं सुटलं. आडतीवर मांजरी व्याली तर पिल्लं तिथंच वाढायला लागली. आणि हमालांनी कितीही हाका मारल्या तरी तो वळून बघेना. लोक म्हणाले, म्हातारा बहिरा झाला. मला मात्र धडकी भरली. मला कळलं की त्याला कळलंय. मग हा बोलत का नाही? उद्या चारचौघांत उभा राहून म्हणाला, माझी पोर मला द्या, तर? आणि कधीच म्हणाला नाही, तर ते जास्त वाईट की काय? भाकरी थापताना माझा हात थांबायचा आणि तव्यावरची जळायची.

असं सहा महिने चाललं. मग एका दुपारी मी शपथ मोडायचं ठरवलं. आत्याबाईंच्या डोक्यावरचा हात आठवत होता, पण ओसरीच्या कडेला बसलेला तो माणूस मला बघवेना. अधोली पदराखाली घेतली आणि आडतीवर गेले. तो एकटाच केरसुणीनं ज्वारी लोटत होता. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला काही सांगायचंय.

"नगा सांगू, माय," तो म्हणाला.

मी म्हटलं, काय ते तरी ऐका.

"ठाव हाय मला. माझ्या बायकोचं तोंड हाय तिला, तसंच्या तसं." त्यानं केरसुणी खाली ठेवली. "तुमी तोंडानं सांगितलं की मला बाप व्हावं लागंल. मंग तिला त्या बाईपसून तोडून न्यावी लागंल, न्हाईतर उठून जावं लागंल. दोन्ही माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. कुणी सांगितलं न्हाई तवर मला पिल्लं बघायला येता येतंय."

मी रडायला लागले. तो मला समजावू लागला. दार मी लावलं, म्हणाला. ज्यानं उघडलं आणि जिनं पोटाशी धरलं, त्यांची ती. माझा हक्क त्या कुलपातच ऱ्हायला. मग त्यानं विचारलं, "तिला काही आठवतं का वं, माय?"

इंदूला दार लावलेलं सोसत नसे. न्हाणीतसुद्धा ती दार अर्धं उघडं ठेवायची आणि मला बाहेर बोलत बसायला सांगायची. मी गप्प झाले तर आतून ओरडायची, वैनी, आहात ना?

"काही नाही आठवत," मी म्हटलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "कुलूप आठवत न्हाई, तर लय बरं झालं."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे. त्यातलं हे एक मला अजून टोचतं, आणि तरीही आज पुन्हा तो समोर आला तर तेच बोलेन. अधोली त्यानं घेतली नाही. मी ती तशीच परत आणली. घरी येऊन आत्याबाईंना मी एवढंच सांगितलं की तो तिला न्यायला येत नाही, नुसतं बघायला येतो.  पुढच्या खेपेला तो आला तेव्हा त्या स्वतः बाहेर आल्या आणि कपबशीतून चहा त्याच्यापुढं ठेवला. दोघं एकमेकांकडं न बघता बसले होते. मध्ये इंदू काळ्याला दटावत होती.

दोन वर्षांनी आमची बदली झाली, लांब, नांदेडच्याही पुढं. मांजरं नेता येईनात. इंदूनं रडून आकांत केला, आणि शेवटी तिन्ही त्यालाच द्यायचं ठरलं. त्याच्या खोपटापर्यंत ती स्वतः घेऊन गेली, मी बरोबर होते. एवढुसं खोपट, तीन दगडांची चूल. तिनं एकेका बोक्याला उचलून त्या चुलीभोवती तीनदा फिरवलं आणि प्रत्येकाच्या कानात सांगितलं, हे तुझं घर. तो दारात उभा राहून बघत होता. नंतर मला म्हणाला, घर आज घर झालं बघा, माय.

गाडीच्या वेळी तो फलाटावर आला. सामान चढवायला हात लावला. गाडी सुटायला थोडाच वेळ होता तेव्हा आत्याबाई डब्यातून पुन्हा खाली उतरल्या आणि सरळ त्याच्या पायाशी वाकल्या. सगळा फलाट बघत राहिला.

"बाई, उठा," तो हळूच म्हणाला. "लेकरू बघायलंय."

त्या डोळे पुसत चढल्या. इंदूनं खिडकीतून विचारलं, आई, तू त्यांच्या पाया का पडलीस? मोठे आहेत, आत्याबाई म्हणाल्या. गाडी हलली. तो गाडीबरोबर चालला नाही, हात हलवला नाही. जिथं होता तिथंच उभा होता. त्यानंतर मी त्याला बघितलं नाही.

पुष्कळ वर्षं गेली. इंदूचं लग्न झालं, दोन मुलं झाली. आत्याबाई गेल्या, आणि त्यांच्याबरोबर माझी शपथही संपली. तेराव्याची माणसं पांगल्यावर मी इंदूला माजघरात बसवून सगळं सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही, चिडली. दोन वर्षं तो माणूस आपल्या ओसरीवर बसत होता, म्हणाली, आणि तुम्ही मला नुसतं पाणी देऊन पाठवत होता.  खरंच होतं ते.

दुसऱ्याच दिवशी ती नवऱ्याला घेऊन पिंगळीला गेली. चार दिवसांनी परत आली. स्टेशन होतं, आडती नव्हत्या. खोपट नव्हतं. एका जुन्या हमालानं सांगितलं की तो तर कधीच वारला, आम्ही गेल्यानंतर तीन-चार वर्षांत. आजारी होता, तरी दिवसभर आडतीच्या ओट्यावर बसून असायचा, अंगाखांद्यावर मांजरं घेऊन. त्याचं मूळ गाव कुठलं ते हमालाला ठाऊक नव्हतं. काकूही राहिल्या नव्हत्या. सोनपेठकडची नदीकाठची तीन गावं ती हिंडून आली. कुणाला काही सांगता आलं नाही.

मी तिला चहा टाकून दिला. तिनं तो घेतला नाही. चुलीपाशी उभी राहिली. म्हणाली, "वैनी, एकच सांगा. इंदू हे तर आईच्या मेलेल्या मुलीचं नाव. त्याच्या आधी मला काय म्हणून हाक मारायचे?"

मी आठवायला लागले. काकूंनी हकीगत सांगितली तेव्हा पोरगी म्हणाल्या होत्या. धनगरानं लेकरू म्हटलं होतं. तो स्वतः इंदू म्हणायचा, आम्ही म्हणायचो म्हणून. दोन वर्षं तो माझ्या डोळ्यांसमोर बसला होता. त्या दुपारी आडतीवर तर आम्ही दोघंच होतो, आणि तेव्हा विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, मला खात्री आहे. कदाचित कुणीतरी विचारावं म्हणून तो वाटही बघत असेल.

इंदू माझ्या तोंडाकडं बघत उभी होती.

"ठाऊक नाही गं," मी म्हटलं. "मी विचारलंच नाही."